धड निघालेला वाडगा

७ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

रझियामॅडमनी वही लिहायला सांगितली आहे. त्या माझ्या सुपरवायझर. मानसोपचार करणाऱ्यांवरही कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, तशा त्या महिन्यातून एकदा माझ्यावर ठेवतात. मागच्या भेटीत म्हणाल्या, "हेमा, तुम्ही क्लायंटबद्दल तासभर बोलता आणि स्वतःबद्दल एक वाक्य नाही. रोज लिहा." रोज जमेल असं वाटत नाही. वही साड्यांच्या कपाटात ठेवणार आहे. दीनानाथ लग्न झाल्यापासून त्या कपाटाकडे फिरकलेले नाहीत.

तर स्वतःबद्दल. वय चौपन्न. बावीस वर्षं समुपदेशन, त्याच्याही आधीपासून सिरॅमिक्स. चार वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र करून वारज्यात एका गादीवाल्याच्या दुकानामागे शेड घेतली. लोक येतात, माती मळतात, मळता मळता बोलतात, आणि केलेली वस्तू भट्टीत भाजून त्यांना परत मिळते. गादीवाला गिऱ्हाइकांना सांगतो, "मागे मडकी करतात, पण टेन्शनवाल्यांसाठी." त्याच्याकडूनही दोघंतिघं आले. कलाकार म्हणून माझी तीन प्रदर्शनं झाली. तिन्ही वेळा पेपरात एकच विशेषण छापून आलं: सुबक. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी रडले होते.

आज नवीन क्लायंट. दत्तोबा, वय शहात्तर, वाघोलीचे. सून मोनाली घेऊन आली, आख्खं पुणं आडवं कापून. ती खराडीला आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. "मॅम, आबा सात महिने फुल्ली सायलेंट आहेत. म्हणजे म्हशीशी बोलतात, पण आमच्याशी नाही." शेत बिल्डरला गेलं. त्या सह्या दत्तोबांनी मुकाट्याने केल्या आणि तेव्हापासून बोलणं बंद. आता घरामागचे चार गुंठे उरलेत. जानेवारीत त्यांच्यावरही सही हवी आहे. मुलगा सर्जेराव कागद पुढे करतो, दत्तोबा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

मोनाली दारात हळूच म्हणाली, "मी त्यांना काय सांगून आणलंय ते प्लीज विचारू नका हं. डॉक्टर म्हटलं असतं तर आलेच नसते." मी हसून सोडून दिलं. घरचे काही ना काही सांगूनच आणतात.

दत्तोबा तासभर बसले. खांदे पडलेले, श्वास वरवरचा, नजर दाराकडे. हातात रुमालाची पुरचुंडी. मी नोंद केली: भावनिक आधाराची वस्तू. त्यांनी ती दोनदा माझ्यापुढे धरली. दोन्ही वेळा मी सांगितलं, "ती तुमच्याजवळच राहू दे, दत्तोबा. इथे काहीही सोडायची सक्ती नाही." त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. विश्वास बसायला लागला की माणसं अशी बघतात.

१४ नोव्हेंबर

मी फोन घ्यायला बाहेर गेले होते. परत आले तर पुरचुंडी रिकामी, रुमाल झटकून खिशात, आणि दत्तोबा वाडगा थापताहेत. एका आठवड्यात आधाराची वस्तू सुटली. इतक्या लवकर माझ्याकडे कुणाची सुटलेली नाही.

भट्टी सांभाळणारे अल्लाबक्षचाचा शेजारी उभे राहून त्यांना सांगत होते, "आगीत गेली की मातीचं खरंखोटं कळतं, आजोबा." चाचांना मी सांगून ठेवलंय की सेशन चालू असताना बोलायचं नाही. पण दत्तोबा लक्ष देऊन ऐकत होते, म्हणून आज काही म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

भट्टी उघडली. सगळं धड निघालं, फक्त दत्तोबांचा वाडगा फुटला. नऊ तुकडे. चाचांनी तळाचा तुकडा उजेडात धरला. "मॅडम, बघा, आत काळं काहीतरी आहे. ही आपली माती नाही." मी चिडले. माती नीट चाळली नाही की असंच होतं, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय. चाचांनी तीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात भट्ट्या लावल्या आहेत. त्यांनी तुकडे फुटक्या मालाच्या पोत्यात टाकले.

आता जे लिहिते आहे ते रझियामॅडमना माहीत नाही. मी क्लायंटना सांगते की तडा जातो, फुटतं, त्याच्यासकट पुढे जायचं असतं. माझ्या माहितीपत्रकात ते तिसऱ्या ओळीत आहे. आणि चार वर्षांत एकाही क्लायंटच्या हातात मी फुटलेली वस्तू दिलेली नाही. फुटली की हुबेहूब दुसरी करते, गुपचूप. आत्तापर्यंत अकरा झाल्या. कारण दर वेळी एकच: या माणसाची ही वेळ नाही. अकरांपैकी एकाचीही वेळ अजून आलेली नाही.

चाचांना हे माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, "कारखान्यात फुटका माल आम्ही फुटका म्हणूनच लिहायचो."

२३ नोव्हेंबर

वाडग्याचा फोटो होता माझ्याकडे. तरी सकाळपासून तीन वाडगे मोडले. तिन्ही गोल झाले. तीस वर्षं हाताला सरळ चालायची सवय लावली, आता त्याला वाकडं चाल म्हटलं तर तो ऐकत नाही. शेवटी डाव्या हाताने थापला, तेव्हा काठ दत्तोबांसारखा कललेला आला. अंगठ्याचे ठसे मूळ वाडग्यात फारच उथळ होते, दाबायची हिंमत नसल्यासारखे. ते मी किंचित खोल केले. तेवढा आत्मविश्वास त्यांना माझ्याकडून.

काम झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. स्वतःच्या कामाकडे मी इतका वेळ कधी बघत नाही. दीनानाथ मला न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, क्लायंटचं. "तरीच," ते म्हणाले, "जिवंत वाटतंय." घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

२८ नोव्हेंबर

दत्तोबांना सांगितलं, भट्टी अजून उघडली नाही. कचेरीत पुढची तारीख मिळाल्यावर माणसं डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली.

५ डिसेंबर, मंगळवार

मोठा दिवस. दत्तोबा बोलले.

वाडगा हातात दिला. त्यांनी तो उलटा करून तळ पाहिला, मग अंगठा एका ठशात घालून बराच वेळ तसाच ठेवला.

"झालं?"

"झालं. अगदी धड निघाला."

"कळलं का काही?"

अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय कळायला हवं?"

"ते तुमी सांगायचं ना."

"उत्तर बाहेर नसतं, दत्तोबा. ते तुमच्यातच असतं."

त्यांनी टोपी घातली आणि वाडगा टेबलावरच ठेवून निघून गेले. सात महिन्यांनंतर माणसाशी बोललेले हे पहिले शब्द. मी मोनालीला मेसेज केला. तिने उत्तरात फुलांच्या इमोजींचा आख्खा हार पाठवला.

१२ डिसेंबर

दत्तोबा आले नाहीत. मोनालीचा फोन आला. "मॅम, आबा काल म्हशीला सांगत होते, मी ऐकलं. 'तिथल्या बाईला कायबी येत न्हाई.'" मी तिला समजावलं की राग बाहेर पडायला लागला हे चांगलं लक्षण आहे. फोन ठेवल्यावर मात्र बरं वाटलं नाही. सही महिन्याभरावर आली. हा माणूस पुन्हा मिटला तर यापुढे बोलणारच नाही, अशी मला धास्ती वाटते.

येत्या रविवारी क्लायंटच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, डेक्कनजवळच्या एका छोट्या दालनात. सगळ्यांची परवानगी घेतली आहे, नावं लावलेली नाहीत. नाव 'कच्चे हात'. साठ वस्तू. त्यातल्या बारा माझ्या, हे मी आणि चाचा सोडून कुणाला माहीत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिलंच जाणार नाही.

एका दैनिकाचे कलासमीक्षक आले होते. त्यांनी साठ वस्तूंमधून सात निवडल्या आणि त्यांच्यापुढे उभे राहून वहीत लिहू लागले. सातही माझ्या. दत्तोबांच्या वाडग्याशी येऊन म्हणाले, "बघा हे. शिकलेल्या हाताला हे आयुष्यात जमणार नाही." मग सौजन्य म्हणून माझ्याकडे वळले. "तुमचं कामही पाहिलंय मी. सुबक असतं." मी आभार मानले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात मोनाली आणि सर्जेराव दत्तोबांना घेऊन आले. समीक्षकांनी वाकून विचारलं, "आजोबा, हे तुम्ही केलंत?"

दत्तोबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "न्हाई. ह्ये माझं न्हाई."

मग सर्जेराव म्हणाला, "आबा बोलले." मोनालीला रडू फुटलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले.

"आरं, ह्ये माझं न्हाई म्हनतोय मी," दत्तोबा म्हणाले, तर टाळ्या आणखी वाढल्या. समीक्षक शेजारच्यांना समजावत होते की निर्मात्याने निर्मितीवरचा हक्क सोडण्याचा हा क्षण आहे. मोनालीने माझे दोन्ही हात धरले. "मॅम, यू आर गॉड."

त्या सगळ्या गोंधळात दत्तोबा फक्त माझ्याकडे बघत होते. मीही टाळ्या वाजवत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण वाजवत होते.

१८ डिसेंबर

रझियामॅडमना फोन करून सगळं सांगितलं, बाराच्या बारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फुटलेलं कुणाला बघवत नाही, हेमा?"

"क्लायंटना," मी म्हटलं.

"हे वहीत लिहा आणि एकदा वाचा."

लिहिलं: क्लायंटना. वाचलं. मग खोडलं.

दीनानाथनाही सांगितलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचा वाडगा तू केलेलास?" हो म्हटलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते पुन्हा पेपर उचलून म्हणाले, "मग मी बरोबरच बोललो होतो."

१९ डिसेंबर, मंगळवार

दत्तोबा एकटे आले. दोन बस बदलून. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि धीर जायच्या आत बोलून टाकलं.

"दत्तोबा, तुमचा वाडगा भट्टीत फुटला. तुम्हाला दाखवला तो मी केलेला होता. मी खोटं बोलले."

"ठावं हाय," ते म्हणाले आणि उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. त्याला वरचं पेरच नव्हतं. "कडबाकुट्टीत गेलं, भात्तर साली. तुमच्या वाडग्यात माझा अंगठा आख्खा उगवलाय."

सहा आठवडे मी या माणसाचे खांदे, श्वास आणि नजर लिहून ठेवत होते.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हनलं, सरकारी मानसं. नमुना हरवला आसंल, म्हून दुसरा पुढं केला. कबूल करत्यात का बघू."

"सरकारी?"

मग एकेक बाहेर आलं. मोनालीने त्यांना सांगितलं होतं की ही सरकारी माती तपासणीची जागा आहे. रुमालात चार गुंठ्यांतली माती होती. ती त्यांनी दोनदा माझ्यापुढे धरली आणि दोनदा मी ती त्यांच्याजवळच ठेवायला सांगितली. चाचांनी आगीत खरंखोटं कळतं म्हटल्यावर त्यांनी ती वाडग्याच्या तळात मळून टाकली. इथली पद्धत तशी असेल, असं त्यांना वाटलं.

"रिपोर्ट कवा येतो येवढंच इचारत व्हतो," दत्तोबा म्हणाले. "तर तुमी म्हनला, उत्तर तुमच्यातच हाय."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. क्लायंटसमोर मी कधी रडलेली नाही. दत्तोबांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"सर्जा म्हनतो, टावरचं सांडपानी मुरून जमीन मेली. क्षार फुटलं, आता तिच्यात कायबी येत न्हाई, इकून टाका. मेली आसंल तर करतो की सही. पर कुनी खरं सांगंना. पन्नास वर्सं राबलो तिच्यात. मेली म्हून इकायची का जित्तीच इकायची, येवढं तरी मला ठावं पायजे का नको?"

हा माणूस सात महिने एका उत्तरासाठी गप्प होता. ते उत्तर शोधत तो माझ्याकडे आला आणि मी त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होते.

चाचांनी फुटक्या मालाचं पोतं आणलं. आम्ही तिघं जमिनीवर बसून ते उपसलं. चार वर्षांचे तुकडे होते. कुणाच्या गणपतीचा कान, कुणाच्या कपाची कडी, कुणी सासूचा म्हणून केलेला मुखवटा. दत्तोबांच्या नऊपैकी सात तुकडे सापडले, तळाचाही. काळी माती भाजताना इतकी आकसली होती की तिने माझी पांढरी माती फाडून काढली होती. चाचा म्हणाले, "या मातीत दम आहे." मी म्हटलं, "चाचा, आपल्याला ते माहीत नाही. तपासून आणू, मग बोलू." चाचा हसले. माती चाळण्यावरून त्यांच्यावर चिडले होते, त्याची मी माफी मागितली.

सात तुकडे दत्तोबांच्या हातात दिले. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणाला फुटलेली वस्तू दिली. त्यांनी ते तुकडे एकेक करून पाहिले, रुमालात बांधले आणि शांतपणे बसची वेळ विचारली.

२१ डिसेंबर

दत्तोबांबरोबर खऱ्या माती परीक्षण केंद्रात गेले. चारही कोपरे खणून आणलेली माती त्यांनी पिशवीत भरून दिली. तिथल्या माणसाने नाव, गाव, गट नंबर लिहून घेतला आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. दीड मिनिटात सगळं आटोपलं. बाहेर येऊन दत्तोबा म्हणाले, "ह्यो काही गप्पा मारत बसला न्हाई."

४ जानेवारी २०१८

अकरा जणांना सांगून झालं. आठ फोन, तीन भेटी. एका बँक मॅनेजरांनी घाईघाईने विचारलं, "परत तर मागणार नाही ना? आईने त्यात उदबत्ती लावली आहे." एक मुलगी म्हणाली, "मला डाउट होताच. माझ्या हातून इतकं चांगलं कधी होत नाही." हे वाक्य मला लागलं. तिला आठवड्यातून दोनदा बोलावलं आहे. एकजण खूप चिडले आणि यायचे बंद झाले. त्यांचं बरोबर आहे. दोन वर्षं नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या एक बाई आपला फुटका दिवा मांडीवर घेऊन बसल्या आणि पहिल्यांदा भावाबद्दल बोलल्या. माझ्या मते त्यांची वेळ दोन वर्षांपूर्वीच आली होती, मीच दारात उभी होते.

समीक्षकांनाही कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे त्या सातही तुमच्या?" हो म्हटलं. "मग एक स्वतःच्या नावाने करा ना तसं." मी फोन ठेवला आणि फिरत्या चाकाऐवजी हाताने थापायच्या टेबलाशी जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत काहीच केलं नाही, पण बसले.

१६ जानेवारी, मंगळवार

दत्तोबा, सर्जेराव आणि मोनाली तिघंही आले. रिपोर्टचं पाकीट बंदच होतं. ते बाईंसमोरच फोडायचं, असं दत्तोबांनी सांगितलं होतं. घरात सांगितलं होतं, म्हशीला नाही.

मी वाचलं. क्षार मर्यादेत. सेंद्रिय कर्ब मध्यम. पालाश भरपूर. शेरा: जमीन लागवडीस योग्य.

"पुन्यांदा वाचा," दत्तोबा म्हणाले. पुन्हा वाचलं. सर्जेराव खाली बघत होता. मोनालीने डोळे मिटले होते. आता सही होत नाही, असं तिलाही वाटलं असणार. मला तर वाटलंच, आणि आतून बरंही वाटलं.

दत्तोबांनी रिपोर्टची घडी घालून ती सर्जेरावच्या खिशात ठेवली.

"जित्ती हाय," ते म्हणाले. "ह्ये आता तुलाबी ठावं, मलाबी ठावं. आन तो सहीचा कागद हिकडं."

"आबा, राहू द्या," सर्जेराव म्हणाला. "नाही विकली तर..."

"माझ्यानं आता राबवत न्हाई. तू तर राबनार न्हाईस. सही मी करनारच व्हतो. पर ती मेलीय आसं म्हनत न्हाई करायची." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि अर्ध्या अंगठ्याने पेन दाबून, अक्षर अक्षर लावून सही केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलं. दत्तोबा म्हणाले, "मलाबी वाटतंय." हे ते मुलासमोर म्हणाले.

सर्जेराव डोळे पुसत गाडी काढायला गेला. दत्तोबा दाराशी थांबले.

"बाई, मातीचं झालं. पर ह्या पोरीनं मला इथं आनलं ते नेमकं कशापायी? तुमचं हितं काम काय?"

मी सांगितलं. साध्या शब्दांत सांगायला दहा मिनिटं लागली. माहितीपत्रकातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

"म्हंजी मानसानं बोलायचं, आन तुमी ऐकायचं."

"हो."

"खरं का खोटं त्ये पन सांगायचं?"

"सांगायचं."

त्यांनी टोपी सारखी केली. "मग येतो मंगळवारी. लई साचलंय."

ते गेल्यावर मी भेटींची वही काढली आणि लिहिलं: २३ जानेवारी, सकाळी अकरा, दत्तोबा, पहिली भेट.